रेईश मागूशची इगर्ज: किल्ल्यावर चढण्याआधी पायथ्याला थांबा

आम्ही सावंतवाडीकर गोव्याला जातो ते बहुतेक कामासाठी. दवाखाना, लग्नाची खरेदी, विमानतळावर कुणाला तरी सोडणं. त्यामुळे रेईश मागूशच्या किल्ल्यावर मी तीनदा जाऊन आले तरी पायथ्याची पांढरीशुभ्र इगर्ज, म्हणजे चर्च, मला फक्त गाडीच्या काचेतून दिसली होती. चौथ्या खेपेला ठरवून गेले, तर दार बंद. मे महिना, दुपारचा दीड वाजलेला, पायऱ्यांवर चिटपाखरू नाही. चर्च वापरात नसावं, असं समजून मी परत फिरले. प्रत्यक्षात माझी वेळ चुकली होती, आणि हीच चूक दहातले आठजण करतात. म्हणून आधी वेळेचं सांगते, रस्त्याचं नंतर.

कधी जायचं

जुन्या गोव्यातलं बॉम जेझस बॅसिलिका दिवसभर पर्यटकांसाठी उघडं असतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळीकडे तसंच असणार. रेईश मागूशची इगर्ज मात्र गावाची आहे. फिर्गज म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचं गाव किंवा वाड्यांचा समूह, आणि ही त्या फिर्गजेची इगर्ज. ती मिसाच्या, म्हणजे धर्मगुरूंबरोबरच्या सामुदायिक प्रार्थनेच्या, वेळी उघडते, मिसानंतर थोडा वेळ उघडी राहते आणि मग कुलूप लागतं. दुपारी एक ते चार हा तर गोव्यात झोपेचा वेळ. त्या वेळात इगर्जच काय, गावातलं दुकानही उघडं मिळणं कठीण.

तेव्हा मिसाच्या अर्धा तास आधी पोचायचं किंवा मिस संपल्यावर लोक बाहेर पडत असताना आत जायचं. मिसाच्या वेळा बाहेरच्या फलकावर लिहिलेल्या असतात. पावसाळ्यात, उपवासकाळात, सणाच्या दिवसांत त्या बदलतात, म्हणून इंटरनेटवरच्या वेळेवर विसंबू नका. आदल्या दिवशी वाटेवरच्या वेरे गावात कुणालाही विचारा, अगदी पावाच्या दुकानातही चालेल. रविवारी सकाळी गर्दी असते, पण इगर्ज जिवंत दिसते ती तेव्हाच. शांतपणे बघायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवसाची सकाळ धरा.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जांभा दगड पाणी पितो आणि हिरवा होतो. ऑगस्टमध्ये या पायऱ्यांवर शेवाळ असतं. मी एकदा चप्पल हातात घेऊन उतरले आहे, तुम्ही रबरी तळव्याचे बूट घालून जा. पाऊस सरला की गोव्यातल्या इगर्जींना रंग काढतात. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत त्यांचा पांढरा रंग डोळ्यांत खुपावा इतका लखलखीत असतो.

कसं पोचायचं

पणजीहून फेरीबोटीने बेतीला उतरा. मांडवी ओलांडायला थोडकीच मिनिटं लागतात. बेतीहून पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने, नदीकाठचा रस्ता वेऱ्यावरून रेईश मागूशला जातो. अंतर अडीच-तीन किलोमीटर. पणजीहून वेरे-नेरूल-कांदोळीकडे जाणाऱ्या खाजगी बसही या बाजूने जातात. कंडक्टरला ‘रेईश मागूश’ सांगा आणि उतरल्यावर थोडं चालायची तयारी ठेवा.

सिंधुदुर्गाकडून येणाऱ्यांनी पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी असं येऊन मांडवी पुलाआधी बेतीकडे उतरायचं. पुलावर चढलात तर पणजीत शिरून पुन्हा मागे यावं लागतं. रेल्वेने येणाऱ्यांना थिवी स्टेशन सोयीचं. भाड्याची स्कूटर घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं आहेत ना ते बघून घ्या. भाड्याने द्यायचा परवाना असलेल्या गाडीची ती खूण आहे. शिवाय हेल्मेट हवंच. गावातला रस्ता अरुंद आहे, वळणांवर घरांची कुंपणं अगदी रस्त्याला लागलेली. इगर्जीच्या पायऱ्यांसमोर गाडी आडवी लावू नका. मिसाला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तिथेच उतरायचं असतं.

आधी खाली उभे राहा

पायऱ्या चढायची घाई करू नका. खालून बघितलं की या जागेचा सगळा हिशेब कळतो. पाठीमागे मांडवी, समोर इगर्ज, तिच्या वर टेकडीवर किल्ला. मांडवीचं पात्र मुखाजवळ इथे अरुंद होतं. समोरच्या काठावर, आजच्या कांपाल-मिरामारच्या बाजूला, पूर्वी गाश्पार दियाश नावाचा दुसरा किल्ला होता. दोन्हीकडून तोफा रोखल्या की गोव्याच्या राजधानीकडे जाणारं जहाज मधूनच जाणार. तो किल्ला आज नाही. हा आहे, कारण तो उंचावर होता आणि नंतर तुरुंग म्हणून उपयोगी पडला.

आता थोडा इतिहास, मोजकाच. बारदेश आणि सासष्टी हे दोन प्रांत १५४३ मध्ये आदिलशाहीकडून पोर्तुगिजांकडे गेले. धर्मप्रसारासाठी त्यांची वाटणी झाली. सासष्टी जेझुइटांना, बारदेश फ्रान्सिस्कनांना. हे दोन ख्रिस्ती धर्मगुरूंचे संघ. टेकडीवर १५५१ मध्ये पोर्तुगिजांनी किल्ला उभारला आणि १५५५ मध्ये फ्रान्सिस्कनांनी पायथ्याशी ही इगर्ज बांधली. बारदेशातली ती पहिली. आज दिसते ती वास्तू मात्र १७७१ च्या पुनर्बांधणीतली. म्हणून कुणी ‘साडेचारशे वर्षांची इमारत’ म्हणालं तर मान हलवा, पण मनात दोनशे वर्षं वजा करा. १८३५ मध्ये गोव्यातले धार्मिक संघ बरखास्त झाले, फ्रान्सिस्कन गेले, गावाची इगर्ज गावाकडे राहिली.

पायऱ्यांच्या तळाशी कोरीव सिंह आहेत. त्यांच्यासमोर दोन मिनिटं बसाच. पोर्तुगीज शिल्पातले सिंह असे नसतात. आयाळ, जबडा, अंगाचा बाक यावर विजयनगर शैलीची छाप आहे. इथे आधी देऊळ होतं आणि हे त्याचे अवशेष, असं मानलं जातं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज मुलखातली देवळं पाडली गेली आणि लोकांनी देव नदीपार नेले, हे काही लपवण्यासारखं नाही. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर असाच डिचोलीत नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ बांधवून घेतलं. या सिंहांकडे बघताना ते मनात येणारच. यावं. फक्त पायऱ्यांवर बसून मोठ्याने वाद घालू नये. वर मिसाला चाललेल्या बाईचं कूळही बहुधा याच गावातलं, देऊळ होतं तेव्हापासूनचं.

चढता चढता दर्शनी भिंतीकडे लक्ष ठेवा. वरच्या भागात पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह आहे, मुकुटासह. या चिन्हात मधोमध पाच छोट्या ढाली असतात आणि भोवती किल्ले. साध्या गावच्या इगर्जीवर राजमुद्रा कशाला? तर व्हाइसरॉयांचा, म्हणजे राजाच्या वतीने इथे कारभार बघणाऱ्यांचा, या जागेशी थेट संबंध होता. लिस्बनहून येणारे आणि परत जाणारे बडे अधिकारी इथे मुक्काम करत, आणि काहींचा शेवटचा मुक्कामही इथेच झाला. ती गोष्ट आत गेल्यावर.

दारातून आत

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे हवेत, हे बायकांना आणि पुरुषांना दोघांनाही लागू. समुद्रावरून थेट बर्म्युड्यात येणाऱ्यांना कुणी हाकलत नाही, पण म्हाताऱ्या बायका ज्या नजरेने बघतात ती पुरते. टोपी काढायची. चपला काढायची गरज नाही. आपला हात आपोआप चपलेकडे जातो, माझाही गेला होता. काढल्या तरी कुणी हसत नाही, मात्र दारातच ढीग घालू नका, लोक अडखळतात.

बाकांना पुढच्या बाजूला खाली एक अरुंद फळी असते. ती गुडघे टेकायला आहे. तिच्यावर पाय ठेवून बसायचं नाही. ही एक गोष्ट पाळलीत तरी अर्धा शिष्टाचार झाला.

मिस चालू असेल तर मागच्या बाकावर बसा. सगळे उठले की उठा, बसले की बसा, गुडघे टेकले तर तुम्ही नुसतं बसून राहिलात तरी चालतं. भाषा कोंकणी. मालवणी बोलणाऱ्याला निम्म्याहून अधिक कळते. ‘आमच्या बापा, सर्गिंच्या’ ऐकलं की ओठ आपसूक हलायला लागतात. मधे एकदा लोक आजूबाजूला वळून हात जोडतात, ते शांतीचं अभिवादन. तुम्हीही जोडा.

मग येतो ख्रिस्तप्रसाद. इथे नीट वाचा. लोक रांगेने पुढे जातात, धर्मगुरू प्रत्येकाला गव्हाची पातळ चकती देतात. आपल्याला वाटतं प्रसाद आहे, प्रसादाला नाही कसं म्हणायचं? माझे मामा असेच उठले होते. देवभोळा माणूस, मनात काही वाईट नाही. शेजारच्या बाकावरच्या आजीने त्यांच्या सदऱ्याचं टोक हलकेच धरलं आणि कुजबुजली, ‘बाबा, तूं हांगा बस.’ मामा बसले. मिस संपल्यावर तिने स्वतः समजावलं की ती चकती म्हणजे त्यांच्या श्रद्धेनुसार ख्रिस्ताचं शरीर, ते घेण्याआधी दीक्षा आणि तयारी लागते. मग तिनेच त्यांना वेदीजवळ नेऊन तिथल्या चित्रातले तिन्ही राजे दाखवले. तेव्हा रांगेत जाऊ नका. जागेवर बसून राहिलात तर कुणाला काही वाटत नाही.

वेदी कशी बघायची

मुख्य वेदीच्या मागे लाकडात कोरलेली, रंगवलेली उंच भिंत असते, पोर्तुगीज भाषेत रेताबुलू. इथे तिच्यावर इगर्जीच्या नावाचं चित्र आहे. रेईश मागूश म्हणजे मागी राजे, पूर्वेकडून तारा बघत आलेले तिघे. बाळ येशूला ते भेटी देत आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांची संख्याही दिलेली नाही आणि नावंही नाहीत. भेटी तीन म्हणून राजे तीन, आणि गॅस्पर, मेल्कियोर, बाल्थाझार ही नावं नंतरच्या परंपरेतली. सोनं, धूप, गंधरस यातलं कुणाच्या हातात काय असेल ते ओळखायचा प्रयत्न करा. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे काम द्या, दहा मिनिटं शांतता मिळते.

एकदम सगळं बघायला गेलात तर सोनेरी-लाल-निळा गोंधळ दिसतो. आधी फक्त चेहरे बघा. मग फक्त वस्त्रांच्या घड्या. मग कडेची पानं-फुलं. गोव्यातल्या जुन्या वेद्यांवर युरोपी आराखडा आणि इथल्या हाताचं वळण असं मिश्रण सापडतं. १५६७ च्या गोव्याच्या धर्मसभेने ख्रिस्ती मूर्ती बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करून घेऊ नयेत असा ठराव केला. ठराव करावा लागला, यातच काय ते आलं.

वेदीच्या परिसरात एक छोटी बंद पेटी आणि जवळ लाल दिवा दिसेल. दिवा तेवत असेल तर आत पवित्र केलेला प्रसाद आहे. लोक तिथून जाताना एक गुडघा टेकतात. तुम्ही क्षणभर थांबलात तरी पुष्कळ. वेदीच्या पायरीवर चढू नका. फोटो काढायचे तर मिस संपल्यावर, फ्लॅशशिवाय आणि विचारून. वेदीकडे पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांना मी काही सांगत नाही, ते हे वाचत नसावेत.

पायाखालची अक्षरं

ही माझी आवडती जागा, आणि बहुतेक लोक नेमके तिच्यावरून चालून जातात. जुन्या इगर्जींमध्ये मानाच्या माणसांना आतच पुरत, वर कोरीव शिळा बसवत. रेईश मागूशमध्ये व्हाइसरॉय दों लुईश द आताईद याची शिळा आहे. सापडली नाही तर तिथल्या सेवकाला विचारा. हा माणूस दोनदा व्हाइसरॉय होता, १५६८ ते १५७१ आणि पुन्हा १५७८ पासून १५८१ मध्ये गोव्यातच वारला तोवर. त्याच्या पहिल्या कारकिर्दीत, १५७० मध्ये, अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला आणि त्याच सुमारास मुर्तझा निजामशहाने आपल्या रेवदंड्याजवळच्या चौलला. आताईदने गोवा महिनोन्महिने लढवलं. चौलही पडलं नाही. अलिबागकडच्या वाचकांनी रेवदंड्याचा कोट पाहिला असेल, तो कोट आणि ही शिळा एकाच युद्धाची दोन टोकं.

शिळा वाचायची युक्ती अशी. मोबाइलची बॅटरी लावा आणि फोन वरून न धरता जमिनीलगत आडवा धरा. झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि ओळी वर येतात. खडू, पावडर, पाणी असलं काही लावायचं नाही. पोर्तुगीज येत नसली तरी अशा शिळांवरचे काही शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. ‘आकी जाझ’ म्हणजे इथे विसावला आहे. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगं, कधी त्याचं नुसतं पहिलं अक्षर. ‘एर्देइरुश’ म्हणजे वारस, म्हणजे ती जागा कुटुंबासाठी राखलेली. रोमन लिपीतलं ‘यू’ अक्षर जुन्या लेखात बहुधा ‘व्ही’सारखं कोरतात, तेवढं लक्षात ठेवलं की अर्धं कोडं सुटतं. एवढ्यावर तुम्ही गोव्यातल्या कुठल्याही जुन्या इगर्जीत अर्धा तास रमाल. शिळेवरून चालणं अपमान मानत नाहीत, पण तिच्यावर बॅग ठेवू नका.

निघताना दानपेटीत काहीतरी टाका. तिकीट नाही, म्हणजे छप्पर फुकट टिकतं असं नव्हे.

फेस्ताला जायचं असेल तर

फेस्त म्हणजे इगर्जीचा सण, ६ जानेवारीला. आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, चालते. त्या दिवशी गावातली तीन मुलं राजांच्या वेशात, मुकुट घालून, घोड्यांवरून मिरवत इगर्जीत येतात. राजांचं असं फेस्त गोव्यात चांदर आणि कासांवलीलाही होतं, पण नदीकाठच्या या उतारावरून येणारी मिरवणूक बघायची मजा वेगळी. गाडी बेतीच्या बाजूलाच कुठेतरी लावून चालत या, नाहीतर कांदोळीच्या पर्यटकांबरोबर अडकून पडाल. मिरवणुकीच्या वाटेवर मधे उभं राहून घोडा थांबवू नका. त्यावरचा मुलगा आठ-दहा वर्षांचा असतो, आधीच घाबरलेला.

दुकानं लागतात. त्यातलं खाजं घ्या. बेसनाच्या जाड शेवेवर गुळाचा पाक, त्यात आलं. आमच्या मालवणी जत्रेतल्या खाज्याचाच हा भाऊ. कोणतं चांगलं यावर मी इथे काही लिहिणार नाही, मला घरी परत जायचं आहे.

आणि मग किल्ला

इगर्ज बघून झाली की बाजूच्या रस्त्याने वर चढा. किल्ल्याला तिकीट आहे आणि सोमवारी तो बंद असतो. १९९३ पर्यंत तिथे तुरुंग होता. नंतर पडझड झाली, मग दुरुस्ती होऊन २०१२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आत गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांचं दालन आहे, त्याला वेळ ठेवा. सावंतवाडीकरांनी एक लक्षात ठेवावं: १७३९ मध्ये आमच्या भोसल्यांनी बारदेश घेतला तेव्हा दोनच किल्ले पडले नाहीत, आग्वाद आणि हा. तटावर उभं राहून मी दरवेळी ते मोजते आणि दरवेळी कारण कळतं. खाली नदी, रसद पाण्यातून, आणि चढ असा की वरच्याने नुसते धोंडे लोटले तरी पुरेत.

तटाच्या कडेवरून खाली बघा. पश्चिमेला आग्वादचं टोक, समोर पणजी आणि मिरामार, आणि अगदी पायाशी इगर्जीचं छप्पर. बुरुजावरचा पहारेकरी आणि खालचा पाद्री एकमेकांना हाक मारू शकतील इतकं जवळ. संध्याकाळी खालून आमोरीची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा ऐकू येते, पण तोवर किल्ल्याची वेळ बहुधा संपलेली असते, म्हणून ती ऐकायची तर पायऱ्यांवर येऊन बसा. घंटा होते तेव्हा अंगणातली जुनी माणसं बोलणं तोडून उभी राहतात. तुम्हीही थांबा, घंटा संपली की ती माणसं स्वतःच विचारतात, कुठून आलात म्हणून.

परतीची फेरी बेतीहून घ्या आणि उजव्या कठड्याला उभे राहा. ऊन असेल तर दूर खालच्या अंगाला किल्ल्याचा तांबूस तट आणि त्याच्या पायाशी पांढरा ठिपका दिसतो. दुचाकी चढवताना गडबड करू नका, फेरीच्या लोखंडी फळीवर ओल असते.